घरट्याचा फोटो टाकू नका. मी टाकला होता.



मिरग लागला, पण पाऊस अजून नाही. पऱ्हाटीसाठी वावर तयार आहे, बियाणं घरात येऊन पडलंय आणि आम्ही सगळे आभाळाकडे पाहत बसलोय. अशा दिवसांत मोबाइल जरा जास्तच हातात राहतो. गेल्या आठवड्यात त्यात एकाच जातीचे फोटो दिसले. टिटवीची चार अंडी, स्वर्गीय नर्तकाचं वाटीसारखं घरटं, चोची वासलेली बुलबुलाची पिल्लं. टाकणारे बहुतेक आपलेच, शेतकऱ्यांची पोरं. खाली गावाचं नाव, एकदोघांनी तर नकाशाचा पत्ताच चिकटवलेला. एका पोरानं मला विचारलं, "भाऊ, तुम्ही आजकाल घरट्याचे फोटो टाकत नाही, काऊन?"

त्याला दोन शब्दांत उत्तर देता आलं नाही. म्हणून हे लिहितोय.

आधी हे सांगतो की कॅमेरा माझ्याकडे पाखरांसाठी आलाच नव्हता. काटोलकडच्या आमच्या पट्ट्यात संत्रा, कापूस आणि तूर घेणाऱ्या कोणालाही विचारा, रात्रीचा शत्रू कोण? रोही आणि रानडुक्कर. चार वर्षांपूर्वी रोह्यांच्या कळपानं एका रात्रीत तुरीचे शेंडे साफ केले. नुकसानीच्या पंचनाम्यासाठी फोटो लागतात, आणि मोबाइलवर काढलेल्या फोटोत रोही म्हणजे धुऱ्यापलीकडचा एक करडा ठिपका. नागपुरात एका ओळखीच्याकडून जुना निकॉन पी-900 घेतला. लेन्स बदलायची भानगड नाही, झूम 83 पट. मोठे छायाचित्रकार त्याला खेळणं म्हणतात. म्हणोत. पहाटेच्या जागलीत त्यातून रोह्याच्या डोळ्याची पापणी दिसते.

जागलीवर माणूस रात्रभर जागतो, पण उजाडल्यावर लगेच घरी जात नाही. चहा येईपर्यंतचा तासभर मोकळा असतो. त्या तासाभरात मी पाखरं पाहायला लागलो. तारेवरचा कोतवाल, पळसावरचा नीलकंठ, विहिरीच्या कठड्यावरचा खंड्या, जुन्या आंब्याच्या ढोलीतून डोळे वटारणारा पिंगळा. चाळीस वर्षं याच वावरात काढली आणि यातली निम्मी पाखरं मी आधी नीट पाहिलेली नव्हती, हे कबूल करतो. बाबांना सगळी माहीत होती, फक्त नावं आमच्याकडची. पुस्तकातलं नाव मी सांगायचो, ते आपलं सांगायचे आणि वर म्हणायचे, "तुह्या पुस्तकाले काय माहीत?"

दोन वर्षांपूर्वीची, मे महिन्यातली गोष्ट. पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, वखर चालू होता. विहिरीकडच्या पट्ट्यात टिटवी अचानक अंगावर आली. टिटवी डोक्यावरून झेपा घालायला लागली की समजावं, अंडी जवळ आहेत. ट्रॅक्टर थांबवून पाहिलं, तर ढेकळांच्या मधोमध चार अंडी, टोकं आत करून मांडलेली. मातीच्या रंगाची, वर काळे शिंतोडे. पाय पडला असता तरी कळलं नसतं. तेवढी जागा सोडून वखर पुढे नेला. चारी बाजूंना काड्या रोवल्या, म्हणजे सालदार काकांच्या लक्षात राहील.

इथवर सगळं बरोबर केलं. मग मोबाइल काढला.

चार फुटांवरून फोटो घेतला. टिटवी वर ओरडत होती, मी म्हटलं, ओरडू दे, एक मिनिट. प्रकाश नीट नव्हता म्हणून संध्याकाळी पुन्हा गेलो. दुसऱ्या दिवशी मुलीला दाखवायला, तिसऱ्या दिवशी पाहुण्यांना. फोटो या पानावर टाकला, सोबत लिहिलं, "आमच्या वावरातला नवा पाहुणा", गावाचं नाव घातलं, विहीर आणि पळस कुठं हेही वर्णन करून सांगितलं. त्या फोटोला अकराशे लाइक आले. त्याआधी माझ्या कोणत्याच फोटोला दोनशेच्या वर गेलं नव्हतं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

रविवारी मी काटोलला लग्नात होतो. मेमध्ये रविवारी माणूस दुसरीकडे कुठे असणार! नागपूरकडून एक गाडी आली, चार जण, मोठमोठ्या लेन्सा. सालदार काकांना त्यांनी माझं नाव सांगितलं, फोटो दाखवला, काकांना वाटलं मीच पाठवलं. साडेदहाच्या सुमारास ते अंड्यांपासून वीसेक फुटांवर बसले. त्यांना अंड्यांवर बसणारी टिटवी हवी होती आणि माणसं समोर असताना टिटवी बसेना.

काका संध्याकाळी सांगत होते, "दोन घंटे ते पाखरू वरतंच फिरून राह्यलं होतं भाऊ. नुसतं चिरकत होतं. म्या म्हटलं त्यायले, सरका नं बाप्पा आता. तर म्हणे, काका पाच मिनिटं."

मेच्या मध्यात, साडेदहा ते साडेबारा. नागपूरकडे तेव्हा 45 अंश म्हणजे साधा दिवस. उघड्या काळ्या मातीला त्या वेळेला तळहात लावून पाहा, किती वेळ ठेवता येतो ते. आपल्याला वाटतं पक्षी अंड्यावर ऊब द्यायला बसतो. मेमधली टिटवी दुपारी ऊब द्यायला बसत नाही, सावली द्यायला बसते. अंड्यातल्या जिवाला चाळीस-एक्केचाळीसच्या वरचं तापमान फार वेळ सोसत नाही. म्हणून ही बाई पाण्याच्या काठी जाते, पोटाखालची पिसं भिजवते आणि धावत येऊन ओल्या पोटानं अंड्यांवर बसते. नर-मादी दोघं पाळीपाळीनं हे करतात. दिवसभर खेपा. आमच्या मोटारीच्या पाइपाची जोडणी गळते, तिथे डबकं साचतं. बाबा ते डबकं बुजवू द्यायचे नाहीत. मी त्यांना पाणी वाया जातं म्हणून बोलायचो. त्यांनी कारण कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

मी परत आलो तेव्हा टिटवी बसलेली होती. जीव भांड्यात पडला. पाखरू शहाणं असतं, परत येतं, असं मनाला समजावलं. टिटवीची अंडी उबायला साधारण 28 दिवस लागतात. मी वहीत मोजत होतो. तेहतीस झाले, पस्तीस झाले. एका सकाळी टिटव्या तिथे नव्हत्या. कावळ्यानं एक अंडं फोडलेलं होतं, वास येत होता.

आता कोणी म्हणेल, त्या दोन तासांनीच झालं कशावरून? उन्हाळाच तसा होता. रात्री कोल्हा-कुत्रा येऊन उठवून गेला असेल. असेलही. कोर्टात मी हे सिद्ध करू शकणार नाही. पण त्या गाडीवाल्यांना शिव्या देऊन मी सुटत नाही, कारण पहिला फोटो माझा होता, चार वेळा तिला उठवणारा मी होतो आणि पत्ताही मीच दिला होता. ते बिचारे मी लिहिलेल्या विहिरीवर, मी लिहिलेल्या पळसापाशी आले.

आणि हा नुसता हळव्या मनाचा विषय नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' शब्दाची व्याख्या काढून पाहा. बंदूक, सापळा, फासे हे आहेच. पण पक्ष्यांची अंडी, घरटी यांचं नुकसान करणं, त्यांना त्रास देणं हेही त्याच व्याख्येत बसवलंय. म्हणजे फासेपारध्याला आपण ज्या नजरेनं पाहतो, त्याच कलमाच्या सावलीत आपण मोबाइल घेऊन उभे असतो. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. माहीत असतं तर थांबलो असतो का? अकराशे लाइक पाहता शंकाच आहे.

जिल्ह्यातलंच दुसरं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. 2024 संपता संपता, 31 डिसेंबरला, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावकडे एफ-2 वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्हीकडून अडवले. व्हिडिओ गावोगावी फिरला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली, चालक-गाइडांवर कारवाई झाली. तेव्हा आपण सगळ्यांनी पारावर बसून त्या जिप्सीवाल्यांना नावं ठेवली. वाघीण होती म्हणून कोर्ट धावलं. टिटवीसाठी कोण धावणार? तिथे आपणच जिप्सी, आपणच गाइड.

याच दिवसांत नवरंग येतो. नऊ रंगांचं, शेपटी जवळपास नसलेलं पाखरू. पावसाच्या तोंडावर आपल्या जंगलपट्ट्यात येतं, इथेच घर करतं, पाऊस सरला की दक्षिणेकडे जातं. सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ घालतं. झुडपाखाली पानं उलथत फिरतं, म्हणून सहज दिसत नाही. मग लोक काय करतात, मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवतात. नराला वाटतं दुसरा नर आपल्या हद्दीत आला. तो सगळं सोडून भांडायला उघड्यावर येतो, फांदीवर बसून छाती काढून ओरडतो. फोटो झकास येतो. त्याच्या मागे दुसरी गाडी, मग तिसरी. विचार करा, तुमच्या धुऱ्यावर दिवसातून दहा वेळा कोणी येऊन "हे वावर माझं आहे" म्हणून ओरडला, तर तुम्ही डवरणी कधी कराल? नर्तकाच्या घरट्याभोवतीची पानं तोडून फोटो मोकळा करणारेही मी पाहिलेत. ती पानं कावळ्यापासूनचा आडोसा असतात आणि उन्हापासूनचीही. फोटो घेणारा निघून जातो, उघडं पडलेलं घरटं तिथेच राहतं.

माझ्या एका मित्राचं म्हणणं वेगळं आहे. तो म्हणतो, फोटो नसते तर लोकांना पाखरं आवडलीच नसती आणि आवडत नाही ते कोणी वाचवत नाही. त्याचं खरं आहे, अर्धं. मला स्वतःला कॅमेऱ्यानंच पाखरं दाखवली, हे वर लिहिलंच आहे. पण आवडायला अंडीच कशाला लागतात? सुगरणीचं रिकामं खोपं, पहिल्या पावसात वखरामागून चालणारे गायबगळे, डुकराच्या पाठीवर बसलेला कोतवाल, यांनी आवड लागत नसेल तर ती आवड पाखराची नाही, लाइकची आहे.

दुसरा आक्षेप जास्त टोचणारा आहे, आणि तो आपल्यावर आहे. नागपूरचे एक सद्गृहस्थ मला म्हणाले, "तुम्ही शेतकरी वखर फिरवता, धुरे जाळता, कीटकनाशकं मारता आणि आम्ही एक फोटो काढला तर त्रास?" मी त्या दिवशी चिडलो. रात्री पटलं. उन्हाळ्यात धुरे पेटवण्यात किती तितरांची, किती लाव्यांची घरटी जात असतील, कोणी मोजलंय? फवारणीचं तर बोलूच नये. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. जे औषध माणसाला सोडत नाही, ते अळी खाणाऱ्या साळुंकीला सोडेल? तेव्हा हो, आपले हात स्वच्छ नाहीत. पण वखर माझं पोट आहे. तो फोटो कोणाचंच पोट नव्हता. आणि वखर फिरवतानासुद्धा पाच हात जागा सोडता येते, हे मी करून पाहिलंय. तेवढ्या जागेत पऱ्हाटीची किती झाडं गेली? दहा-बारा. एका रात्रीत रानडुक्कर त्याच्या वीसपट घेऊन जातो.

तर मग कॅमेरा ठेवून द्यायचा का? अजिबात नाही. उलट माझं म्हणणं आहे की शेतकऱ्याइतका चांगला कॅमेरेवाला दुसरा कोणी होऊच शकत नाही. शहरातला माणूस महिन्यातून एकदा येतो, त्याला त्या एका सकाळीच सगळं मिळवायचं असतं. घाई त्यातूनच येते. आपण रोज तिथेच आहोत. पाखरांना आपली सवय आहे. मोटारघराच्या खिडकीतून, ट्रॅक्टरवरून, बैलांच्या आडून पाखरू आपल्याला जितकं जवळ येऊ देतं, तितकं ते अनोळखी माणसाला येऊ देत नाही. खाली उतरलात की उडतं, वर बसून राहिलात की बसून राहतं. करून पाहा.

आणि आपल्या फोटोंचा आपल्यालाच उपयोग आहे. हरभऱ्यात पक्षीथांबे लावा, असं कृषी विभागवाले कधीपासून सांगतात. घाटेअळीसाठी. मी लावायचो, पण मनातून विश्वास नव्हता, वाटायचं काड्या रोवून काय होतंय! मग हिवाळ्यात सकाळी त्या थांब्यांवर येणाऱ्या कोतवालांचे फोटो घ्यायला लागलो आणि घरी येऊन मोठे करून पाहायला लागलो, चोचीत काय आहे म्हणून. अळी आहे, नाकतोडा आहे, पतंग आहे. कधी मधमाशीपण आहे, म्हणजे कोतवाल काही आपल्या पगारावर नाही, त्याला मिळेल ते तो खातो. संत्र्याला फुलं असताना मधमाशीचं दुःख होतं. पण अळीचे फोटो पाहिल्यापासून मी थांबे वेळेवर लावतो आणि फवारणीआधी दोन दिवस थांबून शेत पाहतो. हे मला कोणत्या पत्रकानं शिकवलं नाही, माझ्याच फोटोनं शिकवलं. पिंगळ्याच्या ढोलीखाली पडलेल्या गोळ्या मुलीनं काडीनं उकलल्या, त्यात भुंग्यांची कवचं आणि उंदराची हाडं निघाली. तिनं त्याचाही फोटो काढला. घरात आजी ओरडत होती, पिंगळ्याचं अपशकुनी कशाला आणता म्हणून. आता आजीच पाहुण्यांना सांगते की आमचा पिंगळा उंदरं खातो.

आमचं अंगण तर त्याहून सोपं. फेब्रुवारीत चार दिवस जगभर अंगणातले पक्षी मोजतात. अमेरिकेत 1998 ला सुरू झालं, आपल्या देशात 2013 पासून लोक भाग घेतात. किमान पंधरा मिनिटं एका जागी बसायचं, जे दिसलं-ऐकलं ते मोजून ई-बर्डवर टाकायचं. पैसा लागत नाही, मोठी लेन्स लागत नाही. मुलगी आणि मी गोठ्यासमोर बाज टाकून बसतो. चिमण्या, साळुंक्या, होले, बुलबुल, सातभाई, शिंपी, चिंचेवरचे पोपट. पळस फुललेला असला की भोरड्यांचा थवा. बाबा भोरड्यांना पाहून गोफण मागायचे, ज्वारी पेरत होतो त्या काळची सवय.

या साध्या याद्यांचं काय होतं, ते 2023 मध्ये कळलं. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' नावाचा अहवाल आला, 942 जातींचा. तीस हजारांवर हौशी लोकांनी टाकलेल्या जवळपास तीन कोटी नोंदींवर तो उभा आहे. त्यात आपला नीलकंठ कमी होत चाललाय असं निघालं. नीलकंठ! दसऱ्याला ज्याचं दर्शन घ्यायला आपण धुऱ्यानं फिरतो, तो. वाघाचं मोजायला सरकार आहे. तारेवरच्या नीलकंठाला मोजायला तारेखालचाच माणूस पाहिजे.

फोटोसोबत जागा आणि तारीख खरी लिहिणं किती मोठी गोष्ट आहे, याचा आपल्या महाराष्ट्रातलाच किस्सा आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड 1884 नंतर कोणाला खात्रीनं मिळालंच नव्हतं. मधे मेनर्ट्झहागेन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं 1914 मध्ये गुजरातेत एक मिळवल्याचं लिहून ठेवलेलं. नंतर उघड झालं, त्यानं संग्रहालयातलाच जुना नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन बाईनं ते खोटं बाजूला सारलं, खऱ्या जुन्या नोंदी धरल्या आणि नोव्हेंबर 1997 मध्ये तिला व तिच्या साथीदारांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळा सापडला. 113 वर्षांनी. पुढे मेळघाटातही तो चांगला असल्याचं कळलं. एका खोट्या पत्त्यानं एवढा गोंधळ केला.

म्हणून मी 'जागा लपवा' म्हणतो तेव्हा 'नोंदच करू नका' असं म्हणत नाही. नोंद करा, पण ती गर्दीच्या हाती देऊ नका. ई-बर्डवर धोक्यातल्या जातींची नेमकी जागा सगळ्यांना दिसत नाही. आयनॅचरलिस्टवर अशा जातीची जागा साधारण वीस किलोमीटरच्या चौकोनात पुसट करून दाखवतात. अभ्यास करणाऱ्याला हवं ते मिळतं, रविवारच्या गाडीला मिळत नाही. आपल्या या पानावर ती सोय नाही. इथे आपण लिहिलं की पोरांपासून शिकाऱ्यापर्यंत सगळ्यांनी वाचलं. घरट्याचं तर मी म्हणतो, टाकायचंच नाही. पिल्लं उडून गेल्यावरही जुनी जागा लिहू नका, टिटवी पुढल्या वर्षी त्याच पट्ट्यात येते.

मारुती चितमपल्ली 2025 मध्ये 18 जूनला गेले, सोलापुरात. नागपुरात त्यांची किती वर्षं गेली. नवेगावबांधला असताना त्यांनी पाखरांची माहिती आणि नावं कोणाकडून घेतली? माधवराव पाटील डोंगरवारांसारख्या तिथल्याच जुन्या माणसाकडून, ढिवरांकडून, गोंडांकडून. वही घेऊन ऐकायचे. बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' हा शब्द त्यांनी दिला. आमच्या गावच्या चिंचेवर असं सारंगागार आहे. खाली घाण पडते म्हणून दरवर्षी चिंच तोडायचा विषय निघतो, मग मागे पडतो. आता त्यांचा वाढदिवस 5 नोव्हेंबर आणि सालिम अलींचा 12 नोव्हेंबर, या मधल्या आठवड्यात राज्यात पक्षी सप्ताह असतो. वेळ अगदी नेमकी आहे. बहुतेक घरटी तेव्हा रिकामी असतात, पोरांना सुट्ट्या असतात आणि हिवाळी पाहुणे येऊन पोहोचलेले असतात.

टिटवीचं पुढं काय झालं, ते राहिलं. मागच्या मेमध्ये जोडी परत आली. तीच, की दुसरी, ओळखायचं कसं! अंडी विहिरीकडेच, जरा खोलगट जागी. खोलगटात म्हणजे पाऊस कमी, असं बाबा म्हणाले. हा त्यांचा अंदाज मी तीन वर्षं वहीत लिहिला, दोनदा चुकला, पण ते माघार घेत नाहीत. या वेळी मी काड्या रोवल्या आणि परत फिरलो. जवळ गेलो नाही. एका दुपारी मोटारघरात बसून पी-900 डबक्यावर लावला. सत्तर-ऐंशी फूट अंतर असेल. तासाभरानं ती आली, डबक्यात बसली, अंग इकडून तिकडे घुसळलं, उठली तेव्हा पोटाखालून थेंब गळत होते. आणि पळत सुटली. तो एक फोटो मिळाला. थेंब गळतानाचा. ऊन इतकं की फोटोत हवा हलताना दिसते, डोळा नीट आलेला नाही.

जागा न लिहिता पानावर टाकला. 41 लाइक. त्यातला एक माझ्या बायकोचा.

त्या चारांपैकी तीन पिल्लं निघाली. मुलीनं लांबून पाहिली, मोजली. डबकं मी बुजवलं नाही, जोडणीही दुरुस्त केली नाही, पाणी वाया जातं हे मला अजून पटतं. यंदाही जोडी आलेली आहे. कुठे, ते विचारू नका. चार जणांनी इनबॉक्समध्ये विचारलंय, त्यांना हेच उत्तर समजावं.

ज्यांना खरंच पाखरं पाहायची, फोटो घ्यायचे, त्यांनी दिवाळीनंतर या. तूर उभी असते, भोवत्या वावरावरून खालून खालून तरंगत जातो, कापशी एका जागी पंख मारत लटकते, धुऱ्यावर गप्पीदास असतो, ओलिताच्या पाण्यात धोबी. मोटारघराची खिडकी रिकामी आहे, दोन माणसं बसतात. यायच्या आदल्या दिवशी सांगा, डबा आपला आपण आणा. चहा आमच्याकडे.